बाळंतिणीच्या उशाशी कोण होतं? बेल्याच्या बाळंतपणांची थोडी मागची गोष्ट

मंडळी, आपल्या बेल्यातल्या ऐंशीच्या पुढच्या कोणत्याही म्हातारीला विचारा, "आजी, तुझं पहिलं पोरगं कुठं झालं?" ती गावाचं नाव सांगत नाही. "मागच्या खोलीत, कापसाच्या ढिगाजवळ," असं सांगते. मग लगेच तिथं कोण कोण होतं ते सांगते. सुईणबाई होती, माय होती, मोठी जाऊ होती, शेजारची अमकी पाणी तापवत होती. साल आठवत नाही, वार आठवत नाही. माणसं मात्र एकेक आठवतात.

हाच प्रश्न आजच्या सुनेला विचारा. ती दवाखान्याचं नाव सांगेल, डॉक्टरचं सांगेल, बाळाचं वजन ग्रॅममध्ये सांगेल. "जवळ कोण होतं?" म्हटलं की थोडं थांबते. "कोणी नाही, सगळे बाहेर होते."

या दोन उत्तरांच्या मधली साठ-सत्तर वर्षं मला आज लिहायची आहेत. जुनं ते सोनं असं म्हणायला मी बसलेलो नाही, हे आधीच सांगतो. जुन्यात सोनं होतं तसा मसणवटाही होता. आपल्या भागातल्या कितीतरी घरांच्या वंशावळीत एकाच पुरुषापुढे दोन बायकांची नावं आहेत. पहिली का गेली म्हणून विचारलं तर उत्तर एकच: "बाळंतपणात गेली."

आधी त्या मागच्या खोलीबद्दल. कळा सुरू झाल्या की पुरुष ओसरीवर आणि बाया आत. सुईण यायची ती रिकाम्या हातानं. हात हेच तिचं सामान. पोटावरून हात फिरवून डोकं वर आहे की खाली ते सांगायची. प्रत्येकीचं काम ठरलेलं असायचं. एक जण मागून काखेत हात घालून बाईला धरायची, एक कंबर चोळायची, एक चूल सांभाळायची. बाई बाजेवर उताणी पडलेली नसायची. ती फिरायची, आढ्याच्या दोराला धरून उभी राहायची, उकिडवी बसायची. ओरडायची मुभा होती, शिव्या द्यायचीही. नवऱ्याला दिलेल्या शिव्या ओसरीवर ऐकू जायच्या आणि पुढे वर्षभर पुरायच्या.

आज मोठमोठ्या दवाखान्यांत "बाईला हवं तसं बसू द्या, फिरू द्या, सोबत माणूस असू द्या" असं शिकवतात. ते या खोलीत होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये बाळंतपणातल्या देखभालीबद्दल सूचना काढल्या, त्यात या तिन्ही गोष्टी आहेत.

आता जे नव्हतं ते. नाळ कापायला घरचा विळा किंवा चाकू. नाळेवर राख, कधी शेण. त्यातून धनुर्वात. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि नशीब लिहून जाते असं आपण मानायचो. नाळेतून शिरलेला धनुर्वातही बाळाला पहिल्या आठवड्याच्या आसपासच धरतो. त्या रात्रीची भीती उगाच नव्हती, कारण तेवढं ठाऊक नव्हतं. रक्त जास्त गेलं तर "घाण जाऊन राह्यली, जाऊ दे" म्हणायच्या. किती गेलं म्हणजे फार, हे मोजायला काही नव्हतं. मूल आडवं असलं तर दोन दिवस, तीन दिवस, मग नवस, मग बंडी. बंडी जुंपायचा निर्णय ओसरीवरच्या पुरुषांचा. आत बसलेल्या बायांना जे कळलेलं असायचं ते ओसरीवर पोचायला फार वेळ लागायचा. माझ्या मते बाया गेल्या त्या पुष्कळदा या वेळापायी.

आणि बंडी जाणार कुठं? आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तोही अगदी उत्तरेच्या टोकाला. पैनगंगेपलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड-मध्य प्रांत. राज्य दक्षिणेला, रोटी-बेटी उत्तरेला, असा आपला जन्माचा तिढा. सोयरेधायरे वणी, पांढरकवडा, राजुरा, चांदा इकडचे. ज्याला परवडे तो अडलेल्या बाईला तिकडे नेई. पावसाळ्यात नदी भरली की तोही रस्ता बंद.

त्या काळात मराठी मुलखात या प्रश्नावर काय चाललं होतं तेही सांगतो, कारण त्याचा धागा आपल्यापर्यंत येतो. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेल्या त्यामागे हे दुःख होतं हे बहुतेकांना माहीत आहे. पण १८८६ मध्ये पदवीसाठी त्यांनी प्रबंध कशावर लिहिला? आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. पेनसिल्व्हेनियात बसून ही मुलगी आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीबद्दल लिहीत होती. पुढच्याच वर्षी, बावीस पूर्ण व्हायच्या आत, त्या गेल्या.

दुसरं नाव नागपूरचं. कमलाताई होस्पेट. लहान वयात वैधव्य आलेली बाई. नागपूरच्या डफरीन रुग्णालयात त्या परिचारिकेचं शिक्षण घेतात आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्याबरोबर मातृसेवा संघ उभा करतात. घरंदाज विधवेनं दुसऱ्याच्या बाळंतपणात हात घालायचा, म्हणजे तेव्हाच्या लोकांच्या दृष्टीनं विटाळाचंच काम. पुढे विदर्भात या संघाच्या शाखा निघाल्या, आणि १९६१ मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली. मला त्यांचं मोठेपण एका साध्या गोष्टीत दिसतं. त्यांच्याकडे शिकलेली नर्स असायची आणि ती बाईशी तिच्याच बोलीत बोलायची. शिक्षण आणि बोली या दोन्ही गोष्टी एकाच माणसात. आपल्याकडे पुढे नेमकी याचीच फारकत झाली.

ती कशी, ते सांगायला १९५६ कडे यावं लागतं. राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी म्हणून तिकडे गेले. बेला राहिलं इकडे, आंध्र प्रदेशात. यावर आपल्या वडीलधाऱ्यांनी शाळा, जमिनीचे कागद, कोर्टकचेरी याबद्दल पुष्कळ बोलून झालं आहे. बाळंतपणाच्या खोलीबद्दल कोणी बोललं नाही. पण सरकारी नर्सबाई आली ती तेलुगू बोलणारी. करीमनगरकडची, वरंगलकडची. बिचारी स्वतःच परक्या गावात. तिला मराठी येत नाही, आमच्या बायांना तेलुगू बाजारापुरतं. कोलाम आणि गोंड बायांची तर तिसरीच भाषा.

आता यात काय एवढं, असं वाटेल. इशाऱ्यानं चालतं की. नाही चालत, मंडळी. माझ्या भावजयीचं उदाहरण सांगतो. वणीकडची मुलगी, पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, दुसरं इकडे. १०८ आली, दवाखान्यात पोचली. कोणत्या ते सांगत नाही, त्याची गरजही नाही. आत घेतलं, सासू दाराबाहेर. थोड्या वेळानं नर्स मोठ्यानं म्हणू लागली, "मुक्कम्मा, मुक्कू, मुक्कू!" तेलुगूत याचा अर्थ कुंथ, जोर लाव. आमच्या भावजयीनं ऐकलं "मुकी राह". तिनं ओठ आवळले, श्वास धरला आणि गप्प पडून राहिली. नर्सला वाटलं ही हट्टी आहे, ऐकत नाही. ती आणखी मोठ्यानं ओरडली, ही आणखी गप्प. असा किती वेळ गेला देव जाणे. दारातून आमची आशाताई डोकावली, तिच्या लक्षात आलं आणि ती ओरडली, "अवं जोर लाव म्हणते थे! चूप नको राहू!" पुढच्या काही मिनिटांत पोरगी झाली. सुखरूप झाली म्हणून आज आम्ही हसतो. नर्सबाईंनाही नंतर हसू आलं. त्यांचा तरी काय दोष? त्या रात्री त्या एकट्या होत्या आणि बाया तीन.

हा किस्सा मी मुद्दाम सविस्तर लिहिला, कारण बाळंतपणात "सगळ्यांनी मिळून काम करायचं" याचा अर्थ मला त्या दाराशी कळला. नर्सला शास्त्र माहीत होतं, बाईला स्वतःचं अंग माहीत होतं, आशाताईला दोन्ही भाषा माहीत होत्या. तिघींचं एकमेकींशी जुळेपर्यंत तिघींचं ज्ञान फुकट होतं.

मधल्या काळात हे जुळवायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस सरकारनं गावोगावच्या दायांना शिकवायला सुरुवात केली. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळ स्वच्छ अशा पाच स्वच्छता. नवं ब्लेड आणि उकळलेला दोरा आला, बायांना धनुर्वाताची इंजेक्शनं मिळू लागली, आणि पाचव्या रात्रीची भीती हळूहळू ओसरली. महाराष्ट्रात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० पासून गावातल्याच बायांना, पुष्कळदा निरक्षर बायांना, हे शिकवत होते. आपल्याला जवळचं म्हणजे गडचिरोली. तिथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गावातल्या बाईलाच आरोग्यदूत केलं. नवजात बाळाला कसं तपासायचं, श्वास घेत नसेल तर काय करायचं, हे ती घरी जाऊन करायची. १९९९ मध्ये त्यांचा निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात आला: नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. यात मोठं यंत्र नव्हतं. गावची बाई होती, तिच्या गळ्यात एक पिशवी होती आणि मागे विश्वास ठेवणारा डॉक्टर होता.

रक्तस्रावाचं कोडंही असंच सुटलं, तेही सीमाभागातच. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायांवर एक अभ्यास झाला. एएनएम नर्सबाई बाळ झाल्याबरोबर अर्ध्या बायांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या द्यायच्या, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. साधी गोळी घेतलेल्यांत १२ टक्के बायांना अति रक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६.४ टक्के. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या नर्सबाई बाईच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावायच्या, म्हणजे किती रक्त गेलं ते डोळ्यानं अंदाजायची गरज नाही. आपल्या सुईणबाईकडे एवढी एक पिशवी असती तर, असं मला राहून राहून वाटतं.

तिच्याकडे आणखी एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे घड्याळ. १९७२ मध्ये आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियात, आजच्या झिम्बाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल या दोन डॉक्टरांनी एक आलेखाचा कागद तयार केला. पिशवीचं तोंड किती उघडलं ते ठरावीक वेळानं त्यावर मांडायचं. रेघ ओलांडली की समजायचं, इथं थांबू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. हा कागद लांबच्या केंद्रांवरच्या सुईणींसाठीच केला होता, त्यांना वेळेत गाडी मागवता यावी म्हणून. आपल्या ओसरीवरच्या चर्चेवरचा हा उताराच म्हणा ना. आजही बाळंतपणाच्या खोलीत पार्टोग्राफ म्हणून तो असतो. घरच्यांनी नम्रपणे विचारलं, "बाई, किती उघडलं, पुढं सरकून राह्यलं ना?" तर चांगली नर्स सांगते. विचारायचं असतं हेच आपल्याला माहीत नसतं.

मग आलं २००५. जननी सुरक्षा योजना, आशाताई, आणि त्याच वर्षी आंध्रात १०८ ची गाडी. आदिलाबादला रिम्स २००८ ला सुरू झालं. तेलंगण झाल्यावर २०१७ मध्ये केसीआर किट आलं: सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईला टप्प्याटप्प्यानं बारा हजार, मुलगी झाली तर तेरा. त्या निळ्या-पांढऱ्या गाड्या आपल्या रस्त्यावरून कोरपन्याच्या दिशेनं धावताना पाहून नदीपलीकडच्या सोयऱ्यांना हेवा वाटायचा, हे खोटं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत तेलंगणातली ९७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. २००४ ते ०६ या काळात एकत्रित आंध्रात एक लाख जन्मांमागे १५४ माता दगावत, २०१८ ते २० मध्ये तेलंगणात ४३. वंशावळीत दुसऱ्या बायकोचं नाव लिहायची वेळ आता क्वचित येते. याबद्दल कोणी नाक मुरडलं तर त्याला माझ्या पणजीची गोष्ट सांगा. ती बंडीतच गेली.

पण या सगळ्यात सुईणबाई सुटली. तिला कोणी विचारलं नाही. काही जणी दवाखान्यापर्यंत सोबत जायच्या आणि व्हरांड्यात बसून राहायच्या. आणि तिच्याबरोबर माय, जाऊ, सासू सगळ्या दाराबाहेर गेल्या. सरकारनं २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एक सोबतीण ठेवायला परवानगी दिली आहे. नियम सोपे: शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली बाई असावी, स्वच्छ कपडे, आजार नको, डॉक्टर-नर्सच्या कामात आडकाठी नको. किती घरांना हे माहीत आहे? मी बेल्यात आणि नातेवाइकांत विचारून पाहिलं. बहुतेकांना "आत जाऊ देत नाहीत" एवढंच ठाऊक. काही ठिकाणी खरंच जाऊ देत नाहीत, खाटा दाटीवाटीच्या, पडदे नाहीत. पण पुष्कळ ठिकाणी कोणी मागतच नाही.

सोबतीणीचा फायदा भावनेपुरता आहे असं समजू नका. सतरा देशांतल्या पंधरा हजारांवर बायांचे छब्बीस अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सतत सोबत असलेल्या बायांची बाळंतपणं थोडी लवकर झाली, आपोआप होण्याचं प्रमाण वाढलं आणि सिझेरियन कमी झाले.

सिझेरियनचं नाव निघालंच आहे. त्याच राष्ट्रीय पाहणीत तेलंगणात १०० पैकी ६०.७ बाळंतपणं ऑपरेशननं झाली, देशात सर्वांत जास्त. खासगी दवाखान्यांत ८१.५. देशाची सरासरी २१.५. ऑपरेशननं जीव वाचतात, माझ्याच घरात एक वाचला आहे. पण शंभरातल्या साठ बाया अडलेल्या असतात हे पटत नाही. दोष नुसता डॉक्टरांवर टाकून आपण मोकळे होतो, मला ते प्रामाणिक वाटत नाही. मुहूर्त कोण काढून आणतं? "तिला सहन होत नाही, करून टाका" असं कोण म्हणतं? बाहेर बसलेली घाबरलेली माणसं, ज्यांना आत काय चाललंय ते कोणी सांगत नाही. ओसरी तीच आहे, फक्त आता तिच्यावर लोखंडी खुर्च्या आहेत.

तेलंगणानंच यावर एक पाऊल उचललं. २०१७ मध्ये करीमनगरला हैदराबादच्या फर्नांडिस संस्थेच्या मदतीनं तीस नर्सना अठरा महिन्यांचं मिडवाइफचं शिक्षण द्यायला सुरुवात झाली. नैसर्गिक बाळंतपण धीरानं पार पाडणं, बाईला फिरू देणं, हवं तसं बसू देणं, आणि धोक्याची रेघ ओलांडली की लगेच डॉक्टरला बोलावणं. म्हणजे शिकलेली सुईणबाईच, हातात आलेखाचा कागद घेतलेली. पुढच्या वर्षी केंद्रानंही देशासाठी अशी योजना जाहीर केली.

आमच्या आशाताईनं त्या रात्रीनंतर एक काम सुरू केलं. सातवा-आठवा महिना लागलेल्या प्रत्येक मराठी बाईला ती थोडे तेलुगू शब्द पाठ करून घेते आणि कोण सोबत येणार तिचं नाव आधीच कार्डाच्या मागे लिहून ठेवते. वही मला दाखवली. कळ म्हणजे नोप्पी. पाणी म्हणजे नीळ्ळू. थांबा म्हणजे आगंडी. जोर लाव म्हणजे मुक्कू, याच्याखाली दोनदा रेघ. चक्कर येते म्हणजे "कळ्ळु तिरुगुतुन्नायी", शब्दशः डोळे फिरतात. रक्ताला रक्तंच म्हणतात, ते शिकवावं लागत नाही. कोलामीतले शब्द गोळा करायचे राहिलेत असं म्हणाली. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, शेतावर जुनी कोलाम सुईणबाई असेल तर तिच्याकडून विचारून मला कळवा, मी तिला पोचवतो.